ग्वायाकॉलपासून हायड्रोकार्बनपर्यंत: धातू-उत्प्रेरकाची चाचणी कोणत्या क्रमाने घ्यावी

लिग्निनपासून (लाकडातल्या एका मोठ्या रेणूपासून) निघणाऱ्या फिनॉलांतला ऑक्सिजन काढून त्यांचं इंधन करायचं, म्हणजेच हायड्रोडिऑक्सिजनेशन, हे प्रयोग बहुतेक वेळा उत्प्रेरक वाईट म्हणून फसत नाहीत. हायड्रोजनचा हिशोब न मांडता रिॲक्टर भरला जातो, आधारद्रव्य (धातू ज्यावर बसवतात ती भुकटी) पाण्यात टिकेल का हे कुणी पाहत नाही, आणि शंभर टक्के रूपांतर झालं की उत्प्रेरक उत्तम ठरवून मोकळं होतात. मग सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तोच आकडा मिळत नाही.

पुढचा क्रम अशाच चुका टाळण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून १०० मिलिचा स्टीलचा ऑटोक्लेव्ह (दाब सहन करणारं बंद भांडं), ग्वायाकॉल (लिग्निनमधल्या फिनॉलांचा साधा नमुना), डेकॅलिन हे द्रावक आणि १० टक्के निकेल-सिलिकासोबत आम्ल झिओलाइट (बारीक छिद्रांचं स्फटिक) असा संच धरला आहे. तुमचा धातू वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

## १. आधी ठरवा: काय घालणार, काय हवं

धातू निवडण्यापूर्वी दोन ओळी कागदावर लिहा: कच्चा माल कोणता आणि उत्पादन कोणतं.

ग्वायाकॉल सात कार्बनांचं आहे. त्याचा मिथॉक्सी गट गेला की उरतं सहा कार्बनांचं सायक्लोहेक्सेन किंवा बेंझिन. दोन्ही पेट्रोलच्या टप्प्यातली आहेत. विमानाच्या इंधनात साधारण ८ ते १६ कार्बनांचे रेणू लागतात, त्यामुळे ग्वायाकॉलवरून थेट विमान-इंधनाचा दावा करू नका. ते लक्ष्य असेल तर ४-प्रोपिलग्वायाकॉल घ्या. ते प्रोपिलसायक्लोहेक्सेन देतं, म्हणजे नऊ कार्बन. शिवाय लाकडाचं लिग्निन हायड्रोजनखाली फोडल्यावर खरोखर मिळणाऱ्या मोनोमरांपैकीही ते एक आहे. ग्वायाकॉल हात बसण्यापुरतं ठीक.

उत्पादन वलययुक्त संतृप्त हवं की अरोमॅटिक, यावर धातू ठरतो. ग्वायाकॉलमध्ये मिथाइल आणि ऑक्सिजनमधला बंध सर्वांत कच्चा, सुमारे २६० किलोज्यूल प्रति मोल. वलयाला थेट जोडलेल्या हायड्रॉक्सिलचा बंध सर्वांत पक्का, सुमारे ४७०. निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम आणि रुथेनियम हे धातू दाबाखाली आधी वलय संतृप्त करतात. त्यानं कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो, आणि मग आम्लस्थळावर (आधारद्रव्य किंवा झिओलाइटवरच्या आम्ल जागेवर) पाणी निघून जातं. लोह, मॉलिब्डेनम कार्बाइड किंवा लोह मिसळलेलं पॅलेडियम वलयाला फारसा हात लावत नाहीत. ते वायुरूप अवस्थेत, कमी दाबाला अरोमॅटिक देतात; लोह साधारण ३०० अंशांच्या आसपास किंवा वर, मॉलिब्डेनम कार्बाइड त्याहून कमी तापमानालाही. म्हणून ५० बार हायड्रोजनखाली निकेल वापरून बेंझिनची वाट पाहण्यात अर्थ नाही.

रुथेनियमबद्दल एक सूचना. तो फार चपळ आहे, पण तापमान वाढलं की कार्बन-कार्बन बंधही तोडतो आणि मालाचा मिथेन होतो. निकेलही हे करतो, जरा उशिरा. वायूची तपासणी करण्याची सोय नसेल तर या दोघांवर काम सुरूच करू नका.

> खबरदारी: क्राफ्ट लिग्निन आणि लिग्नोसल्फोनेट (दोन्ही कागदाचा लगदा करताना निघणारी) यांत गंधक असतं. निकेल आणि मौल्यवान धातू त्यानं मरतात. असा माल वापरायचाच असेल तर सल्फाइड रूपातले कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनम घ्या. पण त्यांना सल्फाइड राहण्यासाठी सतत थोडं गंधक द्यावं लागतं, आणि ते उत्पादनात उतरू शकतं.

## २. हायड्रोजनचा हिशोब

लोक हाच टप्पा वगळतात, म्हणून तो उत्प्रेरक बनवण्याच्याही आधी ठेवला आहे.

एक मोल ग्वायाकॉलचं सायक्लोहेक्सेन करायला, मिथॉक्सी गट मिथेनॉल म्हणून सुटला तर ५ मोल हायड्रोजन लागतो. तो मिथेन होऊन गेला तर ६ मोल.

आता रिॲक्टर पाहा. १०० मिलिच्या भांड्यात ४० मिलि द्रावक घातलं की वर ६० मिलि जागा उरते. २५ अंशांना ३० बार हायड्रोजन भरला तर त्या जागेत सुमारे ७३ मिलिमोल मावतो. ग्वायाकॉल १.२४ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल घेतलं, तर गरज ५० ते ६० मिलिमोलची. जेमतेम पुरतो. तेच २.५ ग्रॅम घेतलं तर गरज १०० ते १२०, आणि हायड्रोजन अर्ध्या वाटेत संपतो. उरलेलं सायक्लोहेक्सॅनॉल आणि फिनॉल पाहून लोक उत्प्रेरकाला दोष देतात आणि नवा धातू शोधायला निघतात.

गती मोजायची असेल तर १० मिलिमोलही जास्तच. प्रयोगाच्या शेवटी हायड्रोजनचा दाब सुरुवातीच्या एक तृतीयांशाच्या खाली येतो, म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची परिस्थिती एक राहत नाही. ग्वायाकॉल २ ते ३ मिलिमोलवर आणा किंवा दाब स्थिर राखणारी जोडणी वापरा.

> तपासा: भरलेला हायड्रोजन गरजेच्या किमान दीडपट आहे का? नसेल तर माल कमी करा. दाब वाढवणं हा दुसरा पर्याय, पण आधी टप्पा ३ वाचा.

## ३. द्रावक, आधारद्रव्य आणि दाब एकत्र ठरवा

ही तीन कामं वेगवेगळी केली की घोटाळा होतो.

डेकॅलिनमध्ये २५ अंशांचे ३० बार २५० अंशांना ५३ बारच्या जवळ जातात, वर द्रावकाच्या वाफेचे काही बार. पाण्याचं तसं नाही. २५० अंशांना पाण्याच्या वाफेचाच दाब सुमारे ४० बार असतो. शिवाय ४० मिलि पाणी फुगून ५० मिलि होतं, त्यामुळे वरची जागा आक्रसते आणि हायड्रोजनचा वाटा ६० बारच्या पुढे जातो. बेरीज १०० बारच्या वर. भांड्याची आणि फुटचकतीची (जास्त दाबाला फुटणाऱ्या सुरक्षा-चकतीची) मर्यादा ही बेरीज समोर ठेवून बघा. थंड असतानाचा आकडा इथे कामाचा नाही.

आधारद्रव्यातही पाणी महत्त्वाचं, कारण द्रावक कोणतंही असलं तरी या अभिक्रियेत पाणी तयार होतंच. गॅमा-ॲल्युमिना २०० अंशांच्या गरम पाण्यात बोहमाइट (ॲल्युमिनाचं पाणी धरलेलं रूप) होते आणि धातूचे कण गाडून टाकते. वर तिची आम्लस्थळं फिनॉल घट्ट धरून ठेवतात आणि कोक (कार्बनचा थर) साचतो. पाणी द्रावक असेल तर कार्बन किंवा झिर्कोनिया घ्या. सेंद्रिय द्रावकात सिलिका चालते.

सिलिकावर निकेल एकटाच असेल तर गाडी बहुधा सायक्लोहेक्सॅनॉलपाशी थांबते. पाणी काढून टाकायला आम्लस्थळ हवं, म्हणून सोबत झेडएसएम-५ हा झिओलाइट द्या. तो बहुतेकदा अमोनियम रूपात विकला जातो, आणि त्या रूपात त्याची आम्लता झाकलेली असते. हवेत ५५० अंशांना काही तास भाजून अमोनिया घालवला की हायड्रोजन रूप मिळतं. डब्यातून काढून थेट वापरणाऱ्यांना सायक्लोहेक्सॅनॉलच मिळत राहतं. दुसरी मर्यादा म्हणजे झेडएसएम-५ ची छिद्रं साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास असल्यानं मोठे डायमर (दोन फिनॉल जोडलेले रेणू) आत शिरत नाहीत. तिथे बीटा झिओलाइट बघा. वाय झिओलाइट मात्र गरम पाण्यात लवकर ढासळतो.

मिथेनॉल, इथेनॉल आणि आयसोप्रोपेनॉल स्वतः हायड्रोजन देऊ शकतात, वलयाला मिथाइल-इथाइलही चिकटवू शकतात. डोडेकेनसारखं लांब अल्केन गरम आम्ल झिओलाइटवर तुटतं आणि तुमच्या खात्यात फुकटचे हायड्रोकार्बन जमा करतं.

> तपासा: माल न घालता, फक्त द्रावक आणि उत्प्रेरक घेऊन पूर्ण वेळेचा एक कोरा प्रयोग करा. दुसरा, उत्प्रेरक न घालता. स्टीलच्या भिंतीत निकेल आणि लोह असतंच, आधीच्या कामाचा धातूही चिकटलेला असू शकतो. हे दोन्ही आकडे हातात नसतील तर पुढचे सगळे संशयास्पद.

## ४. उत्प्रेरक तयार करणं

वजन. १० टक्के म्हणजे तयार उत्प्रेरकाच्या १० टक्के. ४.५ ग्रॅम सिलिकावर ०.५ ग्रॅम निकेल हवा, त्यासाठी निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेट २.४८ ग्रॅम. पाण्याचे सहा रेणू विसरून निर्जल मिठाच्या रेणूभारानं हिशोब केला तर १.५६ ग्रॅम येतं, आणि उत्प्रेरकात साडेसहा टक्केच निकेल उतरतो. बाटलीवरचं लेबल वाचून रेणूभार तिथूनच उचला. विकतचं पॅलेडियम-कार्बन किंवा रुथेनियम-कार्बन असेल तर ते ओलं आहे का बघा. कित्येकदा निम्मं वजन पाण्याचं असतं.

छिद्रांचं घनफळ. सिलिका १२० अंशांना रात्रभर वाळवा. एक ग्रॅम काचेच्या भांड्यात घ्या आणि ड्रॉपरनं थेंब थेंब पाणी सोडत काचेच्या कांडीनं ढवळा. सुरुवातीला प्रत्येक थेंब गडप होतो आणि भुकटी सुटीच राहते. मग एका थेंबाला ती अचानक जड होते, कण एकमेकांना धरतात, कांडीला गोळा चिकटतो. तिथेच थांबा. पृष्ठभाग चकाकला किंवा तळाशी पाणी दिसलं तर पुढे गेलात, नव्या ग्रॅमवर पुन्हा करा.

भिजवणं. समजा ग्रॅममागे ०.८ मिलि आलं. ४.५ ग्रॅमला एकूण द्रावण ३.६ मिलि हवं. मीठ ३.६ मिलि पाण्यात विरघळवलं की घनफळ त्याहून जास्त होतं, कारण मीठही जागा घेतं. आधी सुमारे २ मिलि पाण्यात विरघळवा, मग ३.६ च्या खुणेपर्यंत भरा. जादा द्रावण कणांच्या बाहेर राहतं, आणि वाळताना निकेल तिथेच जमतो.

वाळवणं आणि भाजणं. खोलीच्या तापमानाला काही तास, मग १०० ते ११० अंशांना रात्रभर. त्यानंतर मिनिटाला २ अंश या वेगानं ४५० पर्यंत, चार तास. भुकटी पातळ थरात पसरा आणि हवा वाहती ठेवा. खोल क्रुसिबलमध्ये ढीग केला तर नायट्रेटमधून सुटणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि वाफ आत कोंडतात आणि निकेल ऑक्साइडचे कण फुगतात. हे वायू विषारी आहेत, भट्टीचा निकास हूडमध्येच हवा.

क्षपण, म्हणजे ऑक्साइडचा पुन्हा धातू करणं. सिलिकावरच्या निकेलला वाहत्या हायड्रोजनमध्ये ४५० अंश, चार तास बहुधा पुरतात. हा आकडा आधारद्रव्य बदललं की लागू राहत नाही. ॲल्युमिनावर निकेल ॲल्युमिनेट झालं असेल तर ७०० च्या वर जावं लागतं. शक्य असेल तर टीपीआर (तापमान चढवत क्षपण कधी होतं ते मोजणारी चाचणी) आधी करून घ्या आणि तापमान त्यावरून ठरवा.

> खबरदारी: ताजा क्षपण केलेला निकेल हवेत पेट घेऊ शकतो. आधी निष्क्रिय वायूखाली खोलीच्या तापमानावर आणा, मग नायट्रोजनमध्ये ०.५ ते १ टक्का ऑक्सिजनचं मिश्रण तास-दोन तास सोडा. पॅलेडियम-कार्बनचं कोरडं चूर्ण मिथेनॉलच्या वाफेत टाकणं हे आगीचं नेहमीचं कारण आहे. आधी उत्प्रेरक, मग नायट्रोजन, मग द्रावक.

असा निष्क्रिय केलेला निकेल ऑक्साइडच्या पातळ कवचात असतो. रिॲक्टरमध्ये घालून थेट माल चढवला तर सुरुवातीचा काही वेळ हे कवच काढण्यातच जातो, आणि तो वेळ उत्प्रेरकाच्या संथपणाच्या नावावर लिहिला जातो. माल घालण्यापूर्वी पुन्हा क्षपण करा किंवा हवा न लागू देता द्रावकाखाली हलवा.

> तपासा: एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) धातुरूप निकेलची शिखरं ४४.५ आणि ५१.८ अंशांना येतात (तांब्याचे क्ष-किरण), ऑक्साइडची ३७.२, ४३.३ आणि ६२.९ ला. ४३.३ आणि ४४.५ जवळजवळ असल्यानं रुंद शिखरात मिसळून जातात, म्हणून निवाडा ५१.८ आणि ६२.९ वर करा.

## ५. रिॲक्टर भरणं आणि चालवणं

पातेलं साफ, गॅस्केट नवं किंवा निष्कलंक. टेफ्लॉनचं अस्तर २५० अंशांच्या जवळ नेऊ नका. उत्प्रेरक १०० मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला घ्या.

बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. नायट्रोजन कामाच्या थंड दाबापेक्षा थोडा वर भरून अर्धा तास ठेवा. काटा हलला नाही तरच पुढे जा. मग नायट्रोजननं तीनदा, हायड्रोजननं तीनदा धुऊन घ्या. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या सगळ्या पट्ट्यात पेटतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही. गळतीची चाचणी नायट्रोजनवरच उरका.

तापवताना ढवळणं सुरू ठेवा. मिनिटाला ५ अंशांनी २५० गाठायला पाऊण तास लागतो, आणि चांगला निकेल तोवर वलय संतृप्त करायला लागलेला असतो. म्हणून एक शून्य-वेळ प्रयोग करा. तापमान गाठताच थंड करायचं आणि काय झालं ते मोजायचं. वलयाचं हायड्रोजनेशन उष्णता सोडतं, बेंझिनचं सायक्लोहेक्सेन होताना मोलमागे सुमारे २०६ किलोज्यूल. नियंत्रक शेवटच्या २० अंशांत हळू करा, नाहीतर तापमान उडी मारतं.

ढवळण्याचा वेग दोन-तीन आकड्यांना बदलून पाहा, समजा मिनिटाला ४००, ६००, ८०० फेरे. गती वेगाबरोबर वाढत असेल तर तुम्ही हायड्रोजन द्रवात विरघळण्याचा वेग मोजताय. छिद्रांच्या आतल्या अडथळ्यासाठी वेझ-प्रेटर निकष लावा किंवा कण बारीक करून पुन्हा चालवा.

## ६. थांबवणं आणि उघडणं

भांडं झटपट थंड करा आणि नेमक्या २५ अंशांना दाब वाचा. या एका आकड्यातून बरंच समजतं. आपल्या उदाहरणात १० मिलिमोल ग्वायाकॉल पूर्ण संपलं असेल आणि:

- दाब १७ ते १८ बार उरला, तर हायड्रोजन मोलमागे तीनच गेला. म्हणजे फक्त वलय संतृप्त झालं, ऑक्सिजन जागेवर आहे.
- दाब ९ बारच्या आसपास उरला, तर ऑक्सिजनही निघाला असावा.

मिथॉक्सी गट मिथेनॉल झाला की मिथेन, हे मात्र दाबावरून कळत नाही. मिथेनच्या वाटेनं हायड्रोजन १० मिलिमोल जास्त लागतो, पण तेवढाच मिथेन वर जमा होतो. काटा दोन्हीकडे तेच दाखवतो. म्हणून वायू पिशवीत घ्या आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) चालवा.

वायू सोडण्याआधी भांडं बर्फात ठेवा आणि झडप हळू उघडा. सायक्लोहेक्सेन ८१ अंशांना उकळतं आणि सुटणाऱ्या वायूबरोबर निघून जातं. डेकॅलिनमध्ये ते विरघळलेलं असल्यानं नुकसान थोडं. पाण्यावर ते वेगळ्या थरात तरंगतं आणि नुकसान कित्येक पटींनी वाढतं. पाण्यात काम असेल तर भांडं उघडताच थंड इथाइल ॲसिटेट घालून सगळं त्यात ओढून घ्या, भिंती आणि ढवळणीसुद्धा धुवा.

अंतर्गत प्रमाण (मोजणीच्या तुलनेसाठी ठरलेल्या वजनानं घातलेलं ओळखीचं संयुग) गाळण्यापूर्वी, थंड द्रवात घाला. अभिक्रियेआधी घातलं तर तेही झिओलाइटवर तुटू शकतं.

## ७. आकडे काढणं

एफआयडीवर (जीसीच्या ज्योत-शोधकावर) ऑक्सिजनला जोडलेला कार्बन कमी प्रतिसाद देतो. क्षेत्रफळाचे टक्के म्हणजे मोल टक्के धरले तर हायड्रोकार्बन फुगून दिसतात आणि ग्वायाकॉल कमी. प्रत्येक मुख्य संयुगाचं वेगळं कॅलिब्रेशन करा.

उत्पादन मोलात आहे की वजनात, हे प्रत्येक तक्त्यावर लिहा. ग्वायाकॉलचं शंभर टक्के मोल उत्पादन म्हणजे वजनात ६८ टक्केच. १.२४ ग्रॅममधून ०.८४ ग्रॅम सायक्लोहेक्सेन, त्याहून जास्त शक्य नाही.

कार्बनचा ताळेबंद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ग्वायाकॉलच्या सात कार्बनांपैकी एक मिथॉक्सीचा, म्हणजे १४.३ टक्के. तो मिथेन झाला असेल तर द्रवातला कार्बन ८५.७ च्या वर जाऊच शकत नाही. अशा वेळी वायू न मोजता द्रवात ९८ टक्के दाखवणाऱ्या तक्त्यात कॅलिब्रेशन तरी चुकलंय किंवा द्रावक तुटून मिसळलंय. उलट, वायू धरूनही ९० च्या खाली असाल तर जड उत्पादनं जीसीतून बाहेरच येत नाहीत किंवा कोक झाला आहे. वापरलेल्या उत्प्रेरकाचं टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणं) करा.

## ८. तुलना आणि पुनर्वापर

दोन उत्प्रेरक दोघांचंही रूपांतर १०० टक्के झाल्यावर सारखेच दिसतात. एकानं ते २० मिनिटांत केलं आणि दुसऱ्यानं चार तासांत, हे त्यातून कळत नाही. गतीची तुलना २० टक्क्यांच्या खालच्या रूपांतरावर करा. निवडकतेची तुलना मात्र सारख्या रूपांतरावर, कारण सायक्लोहेक्सॅनॉल मधला टप्पा आहे आणि त्याचं प्रमाण वेळेनुसार चढतं-उतरतं.

पुनर्वापरालाही हेच लागू. पाच फेऱ्यांत पाचही वेळा १०० टक्के मिळाले तर उत्प्रेरक टिकला असं सिद्ध होत नाही, पहिल्या फेरीत तासाभरात झालेलं काम पाचवीत सहा तास खात असेल. वेळ कमी करून पहिली फेरी ३० ते ४० टक्क्यांवर थांबवा आणि घसरण दिसते का पाहा. प्रत्येक फेरीत गाळताना थोडा उत्प्रेरक हरवतो, तेव्हा मालाचं प्रमाणही त्या हिशोबानं कमी करा.

द्रवात धातू सुटला का, यासाठी गरम असतानाच गाळून द्रव पुढे चालवा आणि आयसीपीवर (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) धातू मोजा. थंड झाल्यावर सुटलेला धातू पुन्हा आधारावर बसू शकतो.

## ९. खऱ्या लिग्निनकडे

ग्वायाकॉल, मग ४-प्रोपिलग्वायाकॉल, मग बीटा-ओ-४ बंध (लिग्निनमधला नेहमीचा ईथर बंध) असलेला डायमर, मग लिग्निन-तेल. यातली एकही पायरी गाळू नका. डायमरवर उत्प्रेरक अडला तर कारण छिद्रांत किंवा ईथर बंधात शोधता येतं, थेट तेलावर अडला तर शोधायला जागाच राहत नाही.

तेल हाताळण्याआधी राख आणि गंधक मोजून घ्या. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम आम्लस्थळं निकामी करतात, त्यामुळे सौम्य आम्लानं धुणं बहुधा लागतंच. तेलाचा मोठा भाग जीसीतून जातच नाही. जीसीवर दिसलेल्या हायड्रोकार्बनांची बेरीज शंभर धरून त्यांची निवडकता छापणं ही या क्षेत्रातली सर्वांत दिशाभूल करणारी सवय आहे. आकडा घातलेल्या लिग्निनच्या वजनावर द्या, सोबत जीपीसी (रेणूंच्या आकारांची विभागणी दाखवणारी चाचणी) आणि उत्पादनातल्या ऑक्सिजनचं मूलद्रव्य-विश्लेषण जोडा, आणि न उकळलेला, न मोजलेला भाग किती ग्रॅम उरला तेही तक्त्यात लिहा.